शेवटच्या प्रवेशात कोणी उठायचं नाही

अप्पा, तुमचं ते अमेरिकन नाटक मी पुन्हा बसवलं आणि काल नांदेडला नाट्यस्पर्धेत त्याचा प्रयोग झाला. ‘तुमचं’ म्हणते आहे, कारण उदगीरात ते अजूनही तुमचंच आहे. ज्या परदेशी माणसानं ते लिहिलं त्याचं नाव तिकडं कोणाला ठाऊक नाही. अडत दुकान सांभाळून नाटकं करणाऱ्या अप्पांचं ते बापाचं नाटक, एवढीच त्याची ओळख. गेले कित्येक महिने मी या ओळखीशी भांडते आहे. तालमीत भांडले, घरी भांडले, गाडीत एकटी असताना तुमच्याशी मोठमोठ्यानं भांडले. आता प्रयोग उरकला तरी भांडण काही उरकत नाही, म्हणून आज कॉलेजला रजा टाकून सकाळपासून हे लिहायला बसले आहे.

नाटक काय आहे ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण तुमचं नाटक आणि मूळ नाटक वेगळं आहे, म्हणून मूळ एकदा सांगतेच. तिकडच्या एका लहानशा गावात धान्याचं दुकान चालवणारा एक माणूस. घरात बायको आणि एक तरणा मुलगा. काय शिजवायचं इथपासून मुलानं काय शिकायचं इथपर्यंत सगळं हाच ठरवतो. ओरडत नाही, मारत नाही, वाईट तर मुळीच नाही. आणि एक दिवस कोणालाही न विचारता तो राहतं घर विकायचा सौदा करून येतो. घरच्यांना ते आधीच कळलेलं असतं. शेवटच्या प्रवेशात मायलेक टेबलाशी जेवत बसलेले असतात, बाप दारातून आत येतो, आणि कोणी उठत नाही. कोणी काही बोलतही नाही. तो हॅट हातात धरून दारातच उभा राहतो. आपल्याच घरात कुठं बसावं हे त्याला कळत नाही, आणि पडदा पडतो. तुम्ही उदगीरला काय केलंत? टेबल काढून टाकलंत, पाट मांडलेत, ते ठीक. पण बाप आत आला की मायलेक ताटावरून ताडकन उठले. बाप म्हणजे तुम्हीच. तुम्ही त्यांच्याकडं डोळे भरून पाहिलंत आणि म्हणालात, ‘बसा.’ पडदा. घर विकल्याचं कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. मागच्या रांगांतले लोक टाळ्या वाजवत उभे राहिले.

मीही टाळ्या वाजवल्या होत्या. मी नववीत होते आणि विंगेत प्रॉम्प्टिंगला होते. त्या कामासाठी तुम्ही हैदराबादहून माझ्यासाठी एक छोटी बॅटरी आणली होती, हातात मावेल एवढी, तिच्या काचेला लाल कागद लावलेला, म्हणजे उजेड प्रेक्षकांत जाऊ नये. मुलीला विंगेत बसवता म्हणून मोंढ्याच्या बाजारातले लोक तुम्हाला बोलले होते. तुम्ही त्यांना काय सांगितलंत ते मला माहीत नाही, पण मला विंगेतून कोणी उठवलं नाही. हे मी विसरलेले नाही, आणि विसरता येत नाही म्हणून चिडायलाही अर्धंमुर्धंच जमतं. तुम्ही धड जुलमी असतात तर माझं काम सोपं झालं असतं. नाटकातही आणि बाहेरही.

आपल्या घरातलं स्वयंपाकघर आठवा. दुपारी तुमची स्कूटर गल्लीत वळल्याचा आवाज यायचा. मग तुम्ही दारात चपला काढून एकदा खाकरायचात. त्या खाकरण्याला अव्वा, माझी आई, ताटावर असली तर हातातला घास खाली ठेवायची, ताटावर दुसरं ताट पालथं घालायची आणि उठून उभी राहायची. मी अभ्यास करत असले तर पुस्तक हातात घेऊन उभी. तुम्ही आत यायचात, कपाळावरची विभूती घामानं ओघळलेली असायची, आणि आमच्याकडं पाहून म्हणायचात, ‘बसा, बसा.’ किती मऊ म्हणायचात. पाहुणे म्हणायचे, घरात जरासुद्धा दरारा नाही यांचा. बसा म्हणणारा माणूस उदारच वाटतो, अप्पा. त्यांना उभं कोणी केलं हे कोणी विचारत नाही. आणि बसा म्हटल्यावर अव्वा बसायची थोडीच. ती तुमचं ताट वाढायला घ्यायची. तिची आमटी निवून जायची आणि झाकलेल्या भाकरीला घाम सुटायचा. तुमचं जेवण झालं की ती पुन्हा तिच्या ताटावर यायची आणि तो मऊ पडलेला तुकडा मुकाट्यानं खायची.

पुढं एम.ए.ला नांदेडला असताना लायब्ररीत मला मूळ नाटक सापडलं. शेवटचं पान वाचलं आणि मला वाटलं, छापताना पान गळलं असणार. ‘बसा’ कुठाय? पुन्हा वाचलं, मग लक्षात आलं की गळलेलं काही नाही, तुम्हीच घातलेलं आहे. त्या शनिवारी मी उदगीरला आले ती घरी न जाता थेट दुकानात. तुरीची आवक चालू होती, हमाल पोती उतरवत होते, तुम्ही गादीवर लोडाला टेकून बसला होतात. मी उभ्याउभ्याच विचारलं की मुळात कोणी उठत नाही, मग तुम्ही का उठवलंत? तुम्ही आधी हसलात. मग समोर गिऱ्हाईक आहे हे पाहून हसू आवरलंत आणि म्हणालात, “तिकडं बसत असतील. आपल्यात बाप आल्यावर ताटावर बसून राहणारं घर मी अजून पाह्यलं न्हाई. लोक हसतेत, बाई. अन् तू नांदेडला शिकायला गेलीस का मला शिकवायला?” गिऱ्हाईक हसलं, हमालही हसले. मी घरी गेले. नंतर तुम्ही तो विषय काढला नाहीत, मीही काढला नाही, आणि मग तुम्ही गेलात. एवढ्या वादविवादातल्या बक्षिसांच्या ढाली घरात लावल्या होत्या माझ्या, पण जिथं वाद घालायचा होता तिथं एक वाक्यसुद्धा पुढं सरकलं नाही.

म्हणून मी ठरवलं की ते नाटक मुळात आहे तसं करायचं. भाषांतर मी स्वतः नव्यानं केलं. मी आता शिकवते त्या लातूरात तालमीला जागा मिळाली एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये. संध्याकाळची बॅच सुटली की आम्ही बाकं भिंतीला लावायचो. फळ्यावर कुणीतरी सोडवलेली भौतिकशास्त्राची गणितं तशीच असायची आणि त्यांच्यासमोर आमचं अमेरिकेतलं घर. टेबल शेजारच्या मेसमधून आणलं, त्याला कायम कांद्याचा वास. मुलाचं काम करणारा पोरगा औषध कंपनीचा प्रतिनिधी, दिवसभर डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर बसून कंटाळलेला, आवाज चांगला, समज चांगली. त्याला नाटक पाठ, अर्थ पाठ. ‘बापाविषयी त्याच्या मनात आता राग पण उरला न्हाई मॅडम,’ असं तो मलाच समजावून सांगायचा. आणि बाप दारात आला की उठून उभा राहायचा. एकदा नाही, प्रत्येक तालमीला. मी ओरडले, समजावलं, विनवलं. एकदा माझ्या ओढणीनं त्याचा पाय खुर्चीच्या पायाला बांधला, तर पठ्ठ्या खुर्चीसकट अर्धा उठला आणि टेबलावरचं पाणी सांडलं. सगळे हसले, मी सोडून. त्याला बाजूला घेऊन विचारलं की बाबा, तुला नेमकं होतं तरी काय? तो ओशाळून म्हणाला, “मी न्हाई उठत मॅडम. पाय उठतेत.”

आईचं काम करणारी बाई सरकारी दवाखान्यात नर्स आहे, मूळची नांदेडचीच. तिनं स्पर्धांमधून इतकी बक्षिसं घेतली आहेत की तिला परीक्षकांची नाडी पाठ आहे. तिला उठायची अडचण नव्हती. तिच्या घरात कोणी कोणासाठी उठत नाही. तिच्या आजोबांनी बाबासाहेबांचा फोटो भिंतीला लावला त्या दिवसापासून हे सगळं बंद केलं, असं ती सांगते. तिची अडचण निराळी. बाप आत आला की ती चमचा टेबलावर आपटायची, मान वळवून त्याच्याकडं जळजळीत बघायची. मी म्हणायची, नको, ती फक्त जेवते आहे. ती म्हणायची, मॅडम, इथं टाळी हाय. मी म्हणायची, मला टाळी नको. ती म्हणायची, मग काय पाहिजे? या प्रश्नाला माझ्याकडं फक्त एकच उत्तर होतं आणि ते तालमीत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी चहा मागवायची.

ते उत्तर तुम्हाला सांगते, कारण ते तुमच्या पश्चात घडलं आणि तुम्हाला कळायचा दुसरा मार्ग नाही. तुम्ही गेल्यावर वर्षभर अव्वा दुपारी ताटावर बसली की मधेच दाराकडं बघायची. मग हळूहळू ते थांबलं. एके दिवशी ती जेवत असताना तुमचे थोरले भाऊ आले. त्यांच्यापुढं ती आयुष्यभर डोक्यावर पदर ओढून उभी राहिली होती. मी आपोआप उठले. अव्वा उठली नाही. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, शेंगदाण्याच्या चटणीला लावला, तोंडात घातला, चावून झाल्यावर म्हणाली, “या भावजी, बसा. माझं जेवण व्हायलंय.” तिच्या आवाजात राग नव्हता, बंड नव्हतं. तिला भूक लागली होती आणि अन्न गरम होतं. मोठे काका दारात उभे राहिले. त्यांना कुठं बसावं ते कळेना. मी त्यांच्याकडं बघितलं आणि मला लायब्ररीतलं ते शेवटचं पान आठवलं. तेव्हापासून हे नाटक मला करायचं होतं.

आता तिसऱ्या माणसाविषयी, म्हणजे आमच्या बापाविषयी. बापाचं काम करणाऱ्या या गृहस्थांना आम्ही सगळे काका म्हणतो; तुम्हाला ते ठाऊक आहेत. तुमच्या नाटकात मुलाचं काम त्यांनीच केलं होतं. बँकेतून निवृत्त झाले, केस पांढरे झाले, लातूरला मुलाकडं राहतात. मी त्यांना मुद्दाम घेतलं. माझा हिशेब असा की एकदा उठलेला माणूस आता न उठणाऱ्यांसमोर उभा राहिला तर त्याला काहीतरी कळेल. कळलं कसलं. मुलगा उठायचा आणि काका लगेच, इतक्या मायेनं, ‘बसा’ म्हणायचे. मी तालीम थांबवायची. काका, संहितेत नाही ते. हो ताई, चुकलं. पुन्हा प्रवेश, पुन्हा ‘बसा’. एकदा तर मुलगा कसाबसा बसून राहिला, नर्सबाई गप्प जेवत राहिल्या, आणि बसलेल्या माणसांना काका ‘बसा’ म्हणाले. मी हातातली पानं टेबलावर आदळली आणि म्हणाले की तुम्ही माझं नाटक करताय का अप्पांचं? काकांनी हॅट टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसले.

मी मागोमाग गेले, माफी मागायला नाही, भांडण पुरं करायला. पण त्यांनीच सुरुवात केली. म्हणाले, “ताई, तुमाला वाटतंय अप्पांनी नाटक बदललं. पहिल्या तालमीला अप्पांनी जसं लिव्हलंय तसंच केलं हुतं. आमी कुणीच उठलो न्हाई. अप्पा दारात उभं राह्यले. लई येळ उभं राह्यले. मंग काई न बोलता चपला घातल्या अन् घराकडं गेले. दुसऱ्या दिवशी आले ते ‘बसा’ घेऊनच आले.” मी विचारलं, का म्हणून कोणी विचारलं नाही? काका म्हणाले, “मी इचारलं. म्हणले, त्या दारात मला उभं राहवत न्हाई.”

तुम्हाला वाटत असेल हे ऐकून माझा राग गेला. गेला नाही, उलट वाढला. इतकी वर्षं मी अशी समजूत करून घेतली होती की नाटक तुम्हाला कळलं नाही. उदगीरचा अडत्या, इंग्रजी जेमतेम, कोण्या प्राध्यापकानं तोंडी सांगितलेल्या गोष्टीवरून तुम्ही ते उभं केलं, तर एवढी चूक व्हायचीच. त्या समजुतीवर मी तुम्हाला माफ केलं होतं. आणि तुम्हाला तर सगळं कळलं होतं, माझ्या आधी, त्या दारात स्वतः उभं राहून. मग दुकानात गिऱ्हाइकासमोर मला का हसलात? ‘बाई, ते मला झेपलं नाही,’ एवढं म्हणायला काय झालं होतं? मी ते कोणालाही सांगितलं नसतं. आणि ती पहिली तालीम सोडून तुम्ही घरी आलात, तो दिवस कुठला होता? तुम्ही दारात खाकरला असाल. आम्ही उठलो असू, अव्वानं ताटावर ताट पालथं घातलं असेल. तुम्ही आमच्याकडं बघत किती वेळ उभे होतात? मला तो दिवस काही केल्या आठवत नाही, अप्पा. रोजच्यासारखाच गेला असणार.

नांदेडला जाताना बसमध्ये काका माझ्या शेजारी बसले. म्हणाले, ताई, माझाच मला भरोसा न्हाई, ऐनवेळी तोंडातून निघून जाईल. मी म्हणाले, गेलं तर गेलं. असं फक्त तोंडानं म्हणाले. माझं सगळं भांडण त्या एका शब्दावर येऊन टेकलं होतं. तो निघाला असता तर एवढी मेहनत करून मी तुमचाच प्रयोग पुन्हा केला, असं झालं असतं. नांदेडचं थिएटर निम्मं भरलं होतं. उदगीरहून तुमच्या वेळचे दोघं-तिघं खास आले होते, पुढच्या रांगेत बसले होते, ‘बसा’ ऐकायला.

मी विंगेत सामानाच्या लाकडी पेटीवर बसले होते, मांडीवर संहिता आणि हातात तुमची बॅटरी. तिचा लाल कागद मी कितव्यांदा बदलला असेल कोणास ठाऊक. शेवटचा प्रवेश सुरू झाला. नर्सबाई जेवत होत्या. चमचा आपटला नाही, मान वळवली नाही, नुसत्या जेवत होत्या, आणि ते बघून मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पोरानं दोन्ही हातांनी खुर्चीची बैठक घट्ट धरली होती. प्रेक्षकांना ते दिसत नव्हतं, मला विंगेतून दिसत होतं. समोरच्या दारातून काका आले. आले आणि दारात थांबून एकदा खाकरले. हे तालमीत नव्हतं, संहितेत नव्हतं, मी सांगितलेलं नव्हतं. त्यांना ते कुठून आठवलं तुम्हीच जाणा. कोणी उठलं नाही. काकांचे ओठ हलले. त्यांनी हॅट या हातातून त्या हातात घेतली, टेबलाकडं पाहिलं, रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं, आणि काहीच बोलले नाहीत. थिएटरमध्ये कोणीतरी खोकलं. मग दिवे गेले. टाळ्या उशिरा आल्या आणि फार नव्हत्या. पुढच्या रांगेतले तुमचे मित्र मला न भेटता निघून गेले. निकाल काय लागायचा तो लागेल. मला जे करायचं होतं ते झालं. त्या दारात एक बाप शेवटपर्यंत उभा राहिला.

हे कागद घडी घालून मी कुठं पाठवणार नाही आणि तुमच्यामागून गेलेल्या अव्वाच्या फोटोमागंही ठेवणार नाही. तिनं तर तुमच्याआधीच सगळं ओळखलं होतं असा मला दाट संशय आहे. पण पाठवायचंच नाही तर एक सांगून टाकते, पोरालाही सांगितलं नाही, काकांनाही नाही. काका दारात खाकरले तेव्हा माझ्या मांडीवरची संहिता खाली पडली. तिचा आवाज झाला म्हणून मला कळलं की मी उभी आहे. स्टेजवर कोणी उठलं नाही, अप्पा. विंगेत मी उठले होते. काका काही बोलत नव्हते, तेच बरोबर होतं, तेच मी त्यांना इतके दिवस शिकवत होते. तरी दिवे जाईपर्यंत मी तशीच उभी राहिले, कोणीतरी मला बसा म्हणेल म्हणून.